नलूच्या बोर्डाला घाम येतो

८ नोव्हेंबर, सकाळ
रोजनिशी आजपासून. रिटायर होऊन सात महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. कोणाला दाखवायची नाही, म्हणून खोटं लिहायचं कारण नाही.

घरात मोठी घटना. नलूनं समोरच्या खोलीत दुकान काढलं. साड्यांना फॉल लावणे आणि पिको करणे. तीस वर्षं हेच काम ती शेजारणींसाठी पलंगावर बसून करायची, आता खुर्चीवर बसून करणार. मी तिला धीर दिला. म्हटलं, घाबरू नको, मी आहे ना घरी. ती म्हणाली, "तेच तं."

पावर हाउस बाजारातल्या बोर्डवाल्या हिरालालनं आज खिडकीत दिव्याचा बोर्ड बसवून दिला. लांबट पेटी, पुढून पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, आत पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं, एलईडीच्या पट्ट्या. 'नलू फॉल-पिको सेंटर'. अक्षरं माझ्या पसंतीची. आमच्या खुर्सीपारच्या गल्लीत असा बोर्ड दुसरा नाही. दवाखान्याचा आहे, पण त्याचे अर्धे दिवे गेलेले.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ
बोर्डाचं इन्स्पेक्शन केलं. पेटीच्या तळाला चार बारीक भोकं उघडी सापडली. हिरालाल घाईत होता, बुजवायची राहून गेली असणार. पण ज्यानं स्टील प्लांटात ब्लास्ट फर्नेसच्या कूलिंग वॉटर लाइनवर चौतीस वर्षं काढली, त्याच्या नजरेतून लीकेज सुटत नाही. सिलिकॉनची ट्यूब आणली, चारही भोकं बंद. कडेनं एक राउंड जास्तीचा. आता हवासुद्धा मला विचारल्याशिवाय आत जाणार नाही.

९ नोव्हेंबर
दुकानाचा पहिला दिवस. मी काउंटरला बसलो. गिऱ्हाइकांसाठी रजिस्टर केलं: नाव, पत्ता, साडीचा रंग, सही. एक बाई म्हणाली, "साडी द्याले आली जी मी, वावर विकाले नाही." दुसरीला प्रामाणिकपणे सांगितलं की पोपटी रंग तुम्हाला शोभत नाही. ती साडी परत घेऊन गेली. लोकांना क्वालिटी सर्व्हिसची सवय नाही.

नलू दिवसभर बोलली नाही. तोंडात टाचण्या होत्या.

११ नोव्हेंबर, सकाळी पावणेसात
बोर्डाला घाम आला आहे.

बाहेरून हात फिरवला, हात कोरडा. म्हणजे घाम आतून. 'सेंटर' हा शब्द दिसतच नाही. 'नलू' धूसर. सील पक्कं असताना आत पाणी कुठून आलं, हा खरा टेक्निकल प्रश्न आहे. नलूनं सुचवलं, हिरालालला फोन करू. मी स्पष्ट नाही म्हटलं. घरात एक्स्पर्ट असताना बाहेरचा माणूस बोलावणं म्हणजे घरच्या एक्स्पर्टचा अपमान.

निदान करायला तीन दिवस पुरतील.

१२ नोव्हेंबर
सकाळी फिरताना लहानूभाऊला केस सांगितली. हा माझा जुना मित्र, रेल्वेच्या सिग्नल विभागातून रिटायर. त्याचं म्हणणं, "मारोतराव, आमच्या सिग्नलच्या दिव्याले बी बारीक छेद राहे. दिवा तापला का हवा बाहीर, थंडा झाला का हवा अंदर. त्याले श्वास लागते."

मी ऐकून घेतलं. लहानूभाऊ मनाचा चांगला. पण रेल्वेचं ज्ञान फॉल-पिकोला लागू पडत नाही. वरून सिलिकॉनचा दुसरा कोट दिला.

१४ नोव्हेंबर
कारण सापडलं. नलूची स्टीम इस्त्री. फॉलचं कापड आधी पाण्यातून काढून ती इस्त्री करते. त्याची वाफ खिडकीकडे जाते आणि बोर्डात शिरते. इतकं सोपं होतं.

इस्त्रीचं टेबल मागच्या खोलीत हलवलं. नलूला बाष्पीभवन समजावून सांगितलं, चहाच्या बशीवर प्रात्यक्षिकासह. ती हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली. तिची काळजी मिटली हे पाहून बरं वाटलं. नंतर ती कोणाशी तरी फोनवर बोलत मागच्या अंगणात गेली, तिथेही हसणं ऐकू आलं.

दुपारी काउंटरला बसायचं ठरवलं होतं, पण तीच म्हणाली, "तुमी बोर्डच पाहा. ते जास्त महत्त्वाचं हाये." शेवटी कदर झाली.

१५ नोव्हेंबर
बोर्डाला घाम. इस्त्री मागच्या खोलीत, तरीही.

संशय तुळशीवर. कुंडी खिडकीपासून चार फुटांवर, रोज एक तांब्या पाणी. कुंडी गच्चीवर नेली. नेताना कंबरेत लचक.

१७ नोव्हेंबर, रविवार
संध्याकाळी सहाला दोन जण दुकानाशी थांबले. प्लांटच्या ठेक्यावरचे, हेल्मेट हातात. एकानं विचारलं, "अंकल, मोसंबी है?"

मला कळेना. त्यानं बोर्डाकडे बोट दाखवलं. मी रस्त्यावर जाऊन पाहिलं. थेंब ओघळून 'फॉल'ची चंद्रकोर आणि काना गेला होता, आणि 'पिको'तल्या 'क'चं पोट फुटून त्याचा 'अ' दिसत होता. बोर्ड म्हणत होता: फल पिओ.

मी त्यांना कंडेन्सेशन समजावायला सुरुवात केली, पण नलू आतून बोलली. "मोसंबी नहीं है भैया. पर तुम्हारे पैंट का नीचे का सिलाई खुल गया है. बैठो, पाँच मिनट." तो बसला. तिनं पँट शिवून दिली, त्याच्या मित्राच्या शर्टाचं बटनही लावलं. जाताना म्हणाले, घरवाली की साड़ियाँ भेजते हैं.

नोंद: बोर्ड बिघडलेला असतानाही गिऱ्हाईक खेचतो. डिझाइन माझं.

१९ नोव्हेंबर
समीक्षा म्हणते, बाबा, छोड़ो ना. मुलगी सिविक सेंटरच्या एका ऑफिसात काम करते, दिवसभर एसीत बसते. दमट हवेचा तिला अनुभव नाही.

नवा उपाय: तांदूळ. मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकले की मीठ मोकळं राहतं, म्हणजे तांदूळ पाणी ओढतो. मागचा पत्रा खोलला, पाव किलो एचएमटी तांदूळ कापडी पोटलीत बांधून आत ठेवला, पुन्हा सिलिकॉन. ट्यूब चौथी. नलूनं तांदूळ कुठे गेला विचारलं नाही. हल्ली ती मला काहीच विचारत नाही, पूर्ण विश्वास.

२३ नोव्हेंबर
बोर्डात मुंग्या.

आतून अ‍ॅक्रिलिकवर चालतात. मागून दिवा असल्यानं रस्त्यावरून स्पष्ट दिसतात, रांगेत, 'नलू'च्या उकारातून निघून 'सेंटर'च्या मात्रेपर्यंत. संध्याकाळी लोक थांबून पाहत होते. सील पक्कं असताना मुंग्या कुठून शिरल्या? मागे वायर जाते तिथून शक्य नाही, मी स्वतः पाहिलं होतं, निदान पाहणार होतो. बहुतेक तांदळातच असणार. दुकानदाराकडे तक्रार करायची.

दुकानात मात्र गर्दी. साड्यांचा ढीग खिडकीच्या गजापर्यंत. शेजारच्या गल्लीतल्या भागाबाईंनी अकरा साड्या एकदम दिल्या. त्यांच्या मुलीचं लग्न आठ डिसेंबरला, वरपक्षाकडच्या बायकांना मानाच्या द्यायच्या आहेत. सहा तारखेला हातात पाहिजेत. नलूनं हो म्हटलं. एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. मुंग्यांचा परिणाम.

२४ नोव्हेंबर
पोटली काढली. तांदूळ फुगलेला, एका अंगाला मोड. पाणी ओढतो हे सिद्ध झालं. फक्त क्षमता कमी पडली.

२७ नोव्हेंबर
समीक्षाचा हेअर ड्रायर घेतला. फुल हीटवर अर्धा तास, बाहेरून. घाम गेला. एकही थेंब नाही. चौतीस वर्षांचा अनुभव.

दुपार: अ‍ॅक्रिलिक मधोमध फुगलं आहे. 'पिको' पुढे आलं. वाईट दिसत नाही, थ्रीडी इफेक्ट म्हणता येईल. ड्रायरला वास येतो. समीक्षाला अजून सांगितलेलं नाही.

२८ नोव्हेंबर
घाम. फुगवट्यावर जास्त.

समीक्षाला ड्रायरचं कळलं. ती हिंदीत रागावली, म्हणजे खरंच रागावली.

१ डिसेंबर, रविवार
आता शास्त्रीय पद्धत. कूलिंग लाइनवर आम्ही दर दोन तासांनी रीडिंग घ्यायचो, तसं रजिस्टर सुरू केलं. (नऊ तारखेचं रजिस्टर कोरंच होतं, तेच वापरलं.) थर्मामीटर घरात तापाचं. बोर्डाला लावलं, तीनदा टुंग वाजलं आणि 'लो' आलं. दोन तासांनी पुन्हा 'लो'. संध्याकाळपर्यंत सहा रीडिंग, सगळी 'लो'. म्हणजे बोर्डाला ताप नाही.

लहानूभाऊ खुर्ची घेऊन सोबत बसला होता. म्हणाला, "मारोतराव, हिरालालले एक फोन कराले का होते?" मी विचारलं, तुमच्या सिग्नलचा घाम तुम्ही हिरालालला विचारून पुसायचे का? तो म्हणाला, "आमच्या सिग्नलले घाम नव्हता येत." त्यानंतर आम्ही दुसऱ्या विषयावर बोललो.

४ डिसेंबर
पेटीच्या तळाशी आता पाणी उभं दिसतं. बोटभर. हलवली तर आवाज येतो. थंडी वाढल्यापासून सकाळी तर अक्षरंच नसतात, नुसती पांढरी पेटी. भागाबाईंच्या साड्या सात झाल्या, चार राहिल्या. नलू मला म्हणाली, "एवढे दोन दिवस कशाले हात नका लावू." मी शब्द दिला.

५ डिसेंबर, दुपारी तीन
शब्द दिला होता, पण पाणी पाहवेना. पेटी थोडी तिरपी केली, पाणी एका कोपऱ्यात यावं म्हणून. ज्या कोपऱ्यात आलं त्याच कोपऱ्यात एलईडीचा सप्लाय आहे, हे ड्रॉइंग नसल्यानं कळलं नाही. टप्प आवाज झाला. घराची लाइट गेली. मशीनखाली भागाबाईंची जांभळी साडी अर्धी.

मी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. एमसीबी वर केला, खाली पडला. पुन्हा वर, पुन्हा खाली. प्लांटमध्ये अशा वेळी शटडाउन घेतात, परमिट काढतात, लाइन एकेक तपासतात. नलूला म्हटलं, दोन दिवस लागतील.

ती खुर्चीवरून उठली. बोर्डाची पिन सॉकेटमधून काढली, एमसीबी वर केला. लाइट आली. ती परत बसली आणि मशीन सुरू केली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मीही तेच करणार होतो, पण प्रोसीजरनं.

५ डिसेंबर, संध्याकाळ
मी दारातून पाहिलं. जांभळ्या साडीचा पिको एके ठिकाणी ओढला गेला होता, मशीन अचानक बंद पडलं तेव्हाचा. ती ते चिमटीत धरून एकेक दोरा काढत होती. मी विचारलं, काही मदत? "नको जी," म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

चहा करून दिला. साखर विसरलो. तिनं पिऊन घेतला.

६ डिसेंबर
अकराही साड्या वेळेत गेल्या. भागाबाईंनी जांभळी उलगडून काठ पाहिला, बोटानं चाचपला, म्हणाल्या, "नलूबाई, तुमच्या हाताले तोड नाही." ओढलेली जागा त्यांना सापडली नाही. मलाही नाही, आणि मला ती माहीत होती.

त्या गेल्यावर नलूनं माझ्यासमोर हिरालालला फोन लावला. मी हरकत घेतली नाही. कंबर दुखत होती.

८ डिसेंबर, रविवार
हिरालाल आला. लहानूभाऊ मुद्दाम आला. हिरालालनं खिशातून चष्मा काढला, पेटीखाली वाकला आणि विचारलं, "ये छेद किसने बंद किए?"

नलू समीक्षाकडे पाहत होती, समीक्षा मोबाइलकडे. मी लहानूभाऊकडे पाहिलं. लहानूभाऊनं आभाळाकडे पाहिलं.

हिरालालनं समजावून सांगितलं, रागावला नाही, तेच जास्त लागलं. वायरच्या जागेतून हवा आत जाणारच, काका. रात को ठंडा हुआ तो पानी बनेगा. बना हुआ पानी नीचे से निकलने के लिए ही छेद रहता है. त्यानं नलूकडून एक जाड सुई घेतली. मी खालून टॉर्च धरला होता, नीट दिसावं म्हणून. पहिलं भोक उघडलं आणि पाणी बाहेर आलं. साधारण एक तांब्या. गार होतं. बनियनपर्यंत गेलं.

समीक्षा आत पळाली. आतून आवाज आला, मी तो खोकला समजलो.

सप्लाय नवा, अ‍ॅक्रिलिक नवं, काम तासाभरात. दुपारनंतर घाम नाही. माझं निदान बरोबर होतं की समस्या पाण्याची आहे. फक्त दिशा उलटी होती.

९ डिसेंबर
जेवताना समीक्षा सहज बोलून गेली, "आईला तं चौदा तारखेलाच हिरालालनं फोनवर सांगितलं होतं. छेद बंद हो गए होंगे, सुई मारो, दो मिनट का काम है."

मी विचारलं, कोणती चौदा तारीख?

"नवंबरवाली." मग तिच्या लक्षात आलं आणि ती पाणी प्यायला उठली. ग्लास तिच्या हातातच होता.

चौदा तारखेचं पान काढून वाचलं. बशीवरचं प्रात्यक्षिक, आणि नलू हसली त्याची नोंद. मग पुढची पानं वाचली. नाही वाचायला पाहिजे होती.

१० डिसेंबर, दुपार
दुकानात कोणी नव्हतं तेव्हा सरळ विचारलं. "कावून नाही सांगितलं?"

नलू सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर बोलली. "पहिल्या दिवशी तुमी काउंटरले बसले. दोन बाया वापस गेल्या. चौदा तारखेले तुमी बोर्डामागं गेले, अन् त्या दिवशी मले दहा साड्या आल्या."

"मंग?"

"मंग म्या म्हटलं, राहू द्या. तिकडं तुमी खुश, इकडं मी."

मी म्हटलं, तांदळाला मोड येईपर्यंत? ड्रायर जळेपर्यंत? ती म्हणाली, "पाच तारखेले मी चुकलीच. त्या दिवशी तुमाले करंट लागला असता तं." आणि दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "चौतीस वर्सं तुमी ड्यूटीवर जात होते तं मी खिडकीत उभी राहून पाहे. आता ते आठ तास बी तुमी मले दिसता, मले सवयच नाही."

बाहेर जाऊन बोर्ड पाहिला. कोरडा ठणठणीत.

१३ डिसेंबर
दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही बिघडलं नाही.

लहानूभाऊसोबत फिरणं वाढवलं, रेल्वे लाइनपर्यंत जातो आता. तो बोर्डाचा विषय काढत नाही. चांगला माणूस आहे, मी आधीपासून म्हणतो.

१५ डिसेंबर, रविवार
नलूशी बोललो. म्हटलं, दुकानात मला एखादं काम दे. काउंटर नाही, रजिस्टर नाही, सल्ला नाही. तू सांगशील तेवढंच. हे म्हणायच्या आधी दोन ग्लास पाणी प्यायलो, हवा कोरडी आहे.

तिनं मशीन थांबवलं. विचारलं, "हातानं फॉल लावाल?"

का नाही. मोठमोठे पाइप जोडलेत.

१६ डिसेंबर
ट्रेनिंग. फॉल साडीच्या खालच्या काठाला आतून लावायचा, टाका वरून दिसला नाही पाहिजे. सुई बोटात तीनदा. नलू म्हणाली, कपडा ओढू नका, त्याले त्याच्या मनानं पडू द्या. समीक्षानं माझा फोटो काढला. ऑफिसात दाखवणार म्हणे. दाखवू दे, नवी पिढी शिकेल.

१८ डिसेंबर
पहिली पूर्ण साडी माझ्या हातची. फिक्कट आंबा कलर, एका शाळेच्या बाईंची. सकाळी आठला बसलो, बाराला उठलो. नलूनं काठ हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. म्हणाली, "चांगला लागला." फक्त एवढंच, पण तिच्या तोंडून.

जेवून पलंगावर पडलो. कूस बदलताना दाराच्या फटीतून दिसलं. आंबा कलरची साडी तिच्या मांडीवर होती, हातात बारीक कैची. एका बाजूनं माझा फॉल उसवत होती, हळूहळू, आवाज होऊ नये म्हणून. एकेक टाका. मधेच तिनं पलंगाकडे पाहिलं. मी डोळे मिटून घोरलो.

चारला उठलो तेव्हा साडी घडी घालून ठेवली होती, फॉल लावलेला. मी म्हटलं, झाली का पॅक? ती म्हणाली, "हो जी. तुमच्याच हातची हाये." मी हो म्हटलं.

उसवायला तिला पूर्ण सव्वा तास लागला. टाके मजबूत होते.